गुहेच्या तोंडाशी उभी माणसं

लातूर, २ ऑगस्ट २०१०

चि. आलोक यास,

तू विसराळू हायस हे मला पहिल्यापासून ठावं हाय, म्हणून आधी ओळख करून देते. तुला एक आज्जी हाय. मल्लम्मा तिचं नाव. वरचे दात पडलेत, खालचे अजून बोलतात. तिच्या पाठीवर बसून तू सगळं शिवार फिरलास आन् उतरताना तिचेच केस ओढलेस. आठवलं का? तुला एक बहीण बी हाय, शिवांगी. ती समोर बसून हे लिहायली. बाप बी हाय, भोकरला मास्तर हाय, पण त्याचं नाव निघालं की तू फोन कापतोस, म्हणून त्याचं हितंच सोडते. फोन कापता येतो. कागद फाडायच्या आधी माणूस एकदा तरी वाचतोच.

भूकंपात गाव गेल्यापासून मी भोकरला होते. तिथली माणसं ‘करून राहिलो, जाऊन राहिलो’ म्हणतात. मला वाटायचं, एवढं राहतात तर काम कधी करतात? आता शिवांगी बारावीला. सगळा मुलूख डाक्टर व्हायला लातूरला येतो, तशी ती आली, आन् तिच्या भाकरीसाठी मी आले. एक खोली हाय. खोलीवर स्लॅब हाय. मी पुढं पत्र्याखाली निजते. आत लई उकडतं.

तू सोडून गेलास तो कंप्युटर तुझ्या बापानं चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला होता. शिवांगीनं क्लासच्या सीड्या बघायच्या म्हणून तो इथं आणला. सीड्या एक दिवस बघितल्या. मग आतून तुझा खेळ निघाला.

मला वाटलं, मारामारी असंल. तर न्हाई. आधी माणसं निवडायची. सहा जण. एक तलवारीचा, एक कुलपं उघडणारी, एक मंतर टाकणारी, एक जखमा भरणारी. हे मला लगेच कळलं. आपण रानात इर्जिक घालायचो, सगळ्यांनी मिळून एकाचं रान नांगरायचो, तेव्हा असंच असायचं. नुसते बैलवाले जमवले तर दुपारच्या भाकरी कोण आणणार? शिवांगीला निवडता येईना, मी धडाधड निवडले. ती म्हणाली, “आज्जी, आता नावं सांग.” जी तोंडात आली ती सांगितली. पाचच आली. सहावी जागा रिकामी हाय.

आता ती पाच जणं गुहेच्या तोंडाशी उभी हायत. आत कसं जायचं ते आम्हा दोघींना उमगंना. तू शहाणा, हैदराबादला असले खेळ बनवणाऱ्यांकडं चुका शोधतोस म्हणे. घरच्यांच्या शोधून झाल्या असतील तर आम्हाला सांग, आत कसं जायचं. त्याच्या आधी परत कसं यायचं ते सांग.

शिवांगी नेमानं क्लासला जायली. लिही की गं, थांबलीस का? नेमानं जायली.

मल्लम्मा आज्जीचा तुझ्या डोक्यावर हात, पोचत असंल तर.


लातूर, १९ ऑगस्ट २०१०

आलोक बाळा,

अक्षर बदललेलं दिसंल. ही अपूर्वा. आमच्या घरमालकाची सून, शाळेत शिकवते. मी बोलायली आन् ती लिहायली, शिवांगी घरात न्हाई. म्हणून आता खरं सांगते.

शिवांगी क्लासला जात न्हाई.

जूनमध्ये एकदा जमीन गुरगुरली. इकडं ती मधूनमधून गुरगुरते, पेपरात बी येत न्हाई. भिंतीला तडा न्हाई, भांडं बी पडलं न्हाई. पण ही तिसऱ्या मजल्यावर क्लासात होती. पोरी किंचाळत जिन्यात घुसल्या, ही मधी अडकली. तवापासून दप्तर घेऊन निघते, क्लासच्या फाटकापर्यंत जाते, समोरच्या लिंबाखाली बसते, आन् सुटायच्या वेळी पोरींबरोबर घरी येते. मला अपूर्वानं सांगितलं. मी शिवांगीला विचारलं न्हाई. विचारून काय करू? मीच पत्र्याखाली निजते. उकडतं म्हणून न्हाई, हे तिला बी माहीत हाय. तिनं मला कधी विचारलं न्हाई.

तुझ्या बापाला, भागवतला, कळवलं तर तो पहिल्या गाडीनं येईल आन् तिला भोकरला नेईल. तो वाईट न्हाई रे. भ्यालेला हाय. एकदा गाव गेलं, मग तू गेलास, आता पोरगी हातातनं जाईल म्हणून मुठी आवळून बसतो. तुझ्यावर बी मूठच आवळली होती त्यानं.

आता नावांचं सांगते. तू ऐकून रागावशील.

पहिला तलवारीचा माणूस आला तेव्हा शिवांगी म्हणाली, नाव काय? मला आधी तुझे आजोबाच दिसले. त्यांचं नाव मी कधी घेतलं न्हाई, आता काय घेऊ? मी म्हणाले, ‘मालक’ लिही. तिनं तसंच लिहिलं. त्यांच्या बाजूला ढाल घेतलेला तुझा चुलता व्यंकट. कुलपं उघडायला तुझी आत्या सिंधु; गुळाच्या डब्याचं कुलूप केसाच्या आकड्यानं उघडायची. मंतर टाकायला माझी जाऊ दानम्मा, तिच्या तोंडातून तसाबी जाळच निघायचा. जखमा भरायला तुझी आई. शिवकांता.

आपल्यात गेलेल्याचं नाव नव्या लेकराला ठेवतात. मी त्याच सवयीनं बोलून गेले. हे लेकरू न्हाई, ही माणसं दगडाखाली उतरायला निघालीत, हे मला नंतर कळलं. ज्यांच्यावर घराचं माळवद, मातीचं छत, पडलं, त्यांनाच मी पुन्हा दगडाच्या दारात नेऊन उभं केलं.

अपूर्वा म्हणते, नावं पुसून दुसरी घालू या. शिवांगी घालू देईना. का ते बी सांगते. काही दाबलं न्हाई तरी ती माणसं हलतात. छाती वरखाली होते. श्वास घेतात, आलोक. तिला आई आठवत न्हाई, आई गेली तेव्हा ती पाळण्यातली होती. लिंबाखालून येते, चहा घेते आन् त्यांच्यासमोर बसते. मी बी बसते. आत पाठवायची दोघींची छाती न्हाई आन् बंद करायची बी न्हाई.

हे असंच चाललं तर परीक्षा कोण देणार? तू काहीतरी लिही. माझ्यावर रागावून लिही, पण लिही.

आज्जी


लातूर, १३ ऑक्टोबर २०१०

आलोक,

तुझं पत्र आलं. वर कुणाचं नाव न्हाई, खाली कुणाचं नाव न्हाई. जणू कुठल्या बी यंत्राला चिकटवायला लिहिलंय. मी अपूर्वाला विचारलं, मागच्या बाजूला काय हाय? म्हणाली, कोरं हाय. असू दे. पुढच्या बाजूचं तर खरं हाय.

तू लिहिलंस, चिलखतवाले पुढं, दवा करणारी आन् मंतरवाली मागं. कुलपवालीनं आधी सापळा बघायचा. एक खोली बघायची, झुंज झाली की बाहेर उघड्यावर येऊन निजायचं, जखमा भरल्या की पुन्हा जायचं. मंतर संपेस्तोवर आत थांबायचं न्हाई. खेळ जतन करत जायचा. आन् सहावा माणूस घ्या, मागं राखायला कुणी न्हाई. सगळं शिवांगीनं भिंतीवर लावलं.

सहाव्याचं सोडून सगळं ऐकलं. मेलेल्यांत जित्याचं नाव मी घालू देणार न्हाई आन् नवीन मेलेला मला नको.

शेवटी दोन तारखेला आत गेलो. तारीख मुद्दाम निवडली न्हाई, पण दोन दिवस आधीच, भूकंपाच्या तारखेला, गावाकडं सगळे गेलेल्यांच्या खांबाला फुलं वाहून आले होते. शिवांगीचं बोट बटणावर, माझा हात तिच्या मनगटावर. मालक आत शिरले तेव्हा मी डोक्यावर पदर घेतला, ती हसली. मग दार मागं पडलं आन् कुणी हसलं न्हाई. भिंतीचे दगड बघितले, आलोक. गोटे न्हाईत, घडीव हायत, एकावर एक. आपल्या घराचे होते तसे. माझ्या तोंडाला माती लागली. खरंच लागली, मी चूळ भरून आले.

उंदीर आले, वासराएवढे. मी ओरडले, “दानम्मा, टाक की गं!” दानम्मानं जाळ टाकला. जितेपणी बी अशीच होती, सांगायची वाट बघायची न्हाई एवढंच. शिवकांतेनं व्यंकटच्या खांद्यावर हात ठेवला, रगत थांबलं. एवढं झालं की मी म्हणाले, बाहेर. लगेच बाहेर. बाहेर आल्यावर मी मोजले. सगळे होते.

दुसऱ्या दिवशी दोन खोल्या, परत बाहेर. असंच करायलो.

मग मला सुचलं. क्लासचं बी असंच का करू नये? शिवांगीला मी लिंबाखालीच गाठलं. ती घाबरली. मी म्हणाले, “रागवायला आले न्हाई. आज फकस्त फाटकाच्या आत जाऊ आन् बाहेर येऊन चहा पिऊ.” “आज्जी, तुला कुणी सांगितलं?” “तुझ्या चपलेला लिंबाचा पाला चिकटलेला असतो. क्लासात लिंब उगवलाय का?” रडली. मग आत गेलो आन् बाहेर आलो. पुढच्या खेपेला जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत. ती वर चढते, मी खाली जिन्याच्या तोंडाशी उभी ऱ्हाते. आत माझे पाय येत न्हाईत. तिला सांगितलं, गुडघे दुखतात.

गुडघे दुखत न्हाईत. हे तुला सांगितलं.

आज्जी


लातूर, २१ नोव्हेंबर २०१०

आलोक,

शिवकांता पडली.

लई खाली गेलो होतो. शिवांगीला हिम्मत आली होती आन् मला बी जरा आली होती. ती दुसऱ्या मजल्यापर्यंत चढायली, क्लासच्या दारात उभी राहून फळ्यावरचं उतरवून घ्यायली. म्हणून इथं बी मी म्हणाले, अजून एक खोली. उंदीर पुढून आले असते तर मालक होते. मागून आले. तू लिहिलं होतंस, मागं कुणी न्हाई. मी ऐकलं न्हाई. ती मागच्या रांगेत शेवटी होती.

शिवांगी नुसती “पळा, पळा” म्हणायली, ते पळाले. तिला तिथंच टाकून पळाले. बाहेर आल्यावर मी मोजले. मालक, व्यंकट, सिंधु, दानम्मा. माझं डोकं फिरलं. मला वाटलं, आता उरलेले बी जातील. मी म्हणाले, “आधी जतन कर! आहेत तेवढे तरी जतन कर!” पोरीनं घाईघाईनं केलं. मग अपूर्वा आली आन् तिनं विचारलं, आधीचं जतन केलेलं ठेवलंय ना? त्याच्यावरच केलं होतं. एकच जागा वापरत होतो आम्ही. आता कधी बी उघडलं तर चौघं बाहेर उभे असतात आन् ती आत.

मी वाचवायला गेले आन् तिला तिथं पक्कं केलं.

शिवांगी जेवंना. क्लासच्या फाटकाकडं तर जातच न्हाई, लिंबाखाली बी न्हाई. अंथरूण ओढून माझ्या पत्र्याखाली आली. आता आम्ही दोघी बाहेर, खोली रिकामी. क्लासच्या सरांनी निरोप पाठवलाय. दोन जानेवारीला मोठी चाचणी हाय, तिसऱ्या मजल्यावर, सगळ्यांना. चाचणीला बसली न्हाई तर नाव काढणार आन् वडिलांना फोन करणार. मग भागवत येईल. ती भोकरला जाईल आन् जन्मभर अंगणात निजंल, माझ्यासारखी. तिच्यापुढं अजून एवढं आयुष्य पडलंय आन् तिला आत्ताच आकाशाखेरीज कशाचा भरवसा न्हाई.

तुझ्या आईला बाहेर काढणारे फौजेचे होते. तू बघितलंस की न्हाई ते मी तुला कधी विचारलं न्हाई. तू माझ्या कडेवर होतास आन् माझा पदर तुझ्या तोंडावर होता, एवढंच मला माहीत.

तिला परत आणता येतं का? असंल तर सांग. नसंल तर बी सांग, पण आधी अपूर्वाला सांग, मला न्हाई.

आज्जी


लातूर, २ जानेवारी २०११

आलोक बाळा,

अक्षर वेडंवाकडं आलं तर अपूर्वाला दोष देऊ नकोस. कागद तिच्या गुडघ्यावर हाय आन् तिचा दंड माझ्या मुठीत. आम्ही क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणाशी बसलोय. माझ्या डोक्यावर स्लॅब हाय. मी वर बघत न्हाई. शिपायानं स्टूल आणून दिलं, “आज्जी, खाली हवेशीर बसा की.” मी म्हणाले, “बाबा, हवा मी सतरा वर्षं खाल्ली.”

आतून आवाज न्हाई. चाचणी चालू हाय. दार बंद हाय. शिवांगी त्या दाराच्या आत हाय.

कसं झालं ते सांगते. तुझं पत्र आलं तेव्हा अपूर्वानं आधी मनात वाचलं, मी तिचं तोंड बघत होते. तू लिहिलंस, आत जाऊन तिला उचलून बाहेर आणा, गावातल्या देवळात ती उठते. चौघांनी जमणार न्हाई, सहावा घ्याच. आन् खाली, वेगळ्या शाईत, ‘तिला तिथं सोडू नका.’ बाळा, ती ओळ मी अपूर्वाकडून परत परत वाचून घेतली.

सहाव्याचं नाव मी शोधायला लागले, माहेरची कुणी गेलेली. शिवांगी म्हणाली, “आज्जी, मी जाते.” आन् स्वतःचं नाव लिहिलं. मी तिच्या हातावर चापट मारली. आयुष्यात पहिली. “मेलेल्यांत जाती का गं तू?” तर म्हणती कशी, “मग तिला आणणार कोण? त्यांना वाट माहीत न्हाई, आज्जी, ते सगळे आतच राहिले होते. बाहेर आपणच आलो होतो.”

मी हात मागं घेतला, नाव राहू दिलं.

नवीन माणूस, अंगात ताकद न्हाई. तिला सगळ्यात मागं ठेवलं. किती खेपा घातल्या ते विचारू नकोस. एक खोली, बाहेर. दोन खोल्या, बाहेर. यावेळी जतन वेगवेगळ्या जागी केलं. शेवटी त्या खोलीत पोचलो. शिवकांता पडली होती तशीच होती. तिचा श्वास चालत नव्हता. शिवांगीनं तिला उचललं. येताना मागून आले, तेच. शिवांगी मागं होती, तीच लढली. मी डोळे झाकले होते, अपूर्वानं सांगितलं.

देवळात ती उठली. छाती वरखाली व्हायला लागली. शिवांगी बघत राहिली. मग तिनं सगळ्यांना गावातल्या चौकात, उघड्यावर नेऊन उभं केलं, आन् कंप्युटर बंद केला. इतके दिवस तिनं तो कधी हातानं बंद केला नव्हता, लाइट गेली तरच व्हायचा. अंथरूण उचललं आन् खोलीत नेलं. दारातून म्हणाली, “आज्जी, चाचणीला तू वर येशील का? मला पुढं कुणी नको. माझ्या मागं कुणीतरी पाहिजे.”

आता सांग, न्हाई कसं म्हणू? गुडघे दुखतात म्हणाले तर ती हसली. तिला माहीत होतं.

आज सकाळी ती पुढं, मधी अपूर्वा, मागं मी. प्रत्येक वळणावर मला वाटलं, हितंच. दुसऱ्या मजल्यावर माझ्या तोंडात पुन्हा मातीची चव आली. भिंतीला हात लावला तर भिंत गार होती. माझं तोंड बघून शिवांगी दोन पायऱ्या खाली आली आन् म्हणाली, “आज्जी, बाहेर जाऊन येऊ का?” मी म्हणाले, “पुढं बघ.”

आत्ता, हे लिहिताना, वरून गुरगुर आली. आलोक, माझा जीव गेला होता. अपूर्वाचा दंड मी सोलला. मी उठून दाराकडं धावले, अपूर्वानं धरलं. गच्चीवर कुणीतरी पाण्याची टाकी ओढत होतं. शिपाई शिव्या द्यायला वर गेला. मी दाराकडं बघत राहिले. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं, पळत येणार ती. मग पुन्हा खुर्ची सरकली. दार उघडलं न्हाई. ती उठली होती आन् बसली. मला ठावं हाय, तीच होती. दार बंदच हाय.

वेळ किती राहिला ते विचारलं न्हाई. कळून बी उपयोग न्हाई, मी इथनं हलणार न्हाई.

तू दुसरी एक ओळ लिहिली होतीस, मागच्या बाजूला. ह्यावेळी मागची बाजू कोरी नव्हती, अपूर्वानं दाखवली. ‘काही पाठवू का?’ एवढ्या वर्षांनी विचारलंस म्हणून विचार करून सांगते.

परवा येळवस, रानातल्या पूजेची अवस. पोस्टानं उशीर होईल, म्हणून हा कागद आज रातच्या हैदराबादच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देते. भागवत सुट्टी काढून गावच्या शेताला येणार हाय, पूजेच्या दगडांवर कडब्याची कोप करणार हाय, आम्ही दोघी बी जाणार. पूजेला सगळे लागतात, एक जण कमी पडायला. त्या दिवशी रानात कुणाच्या डोक्यावर छप्पर नसतं, तुला भ्यायचं कारण न्हाई. भागवतला मी सांगून ठेवलंय, मूठ सोडून बस. सगळ्या भाज्यांची भज्जी मी करते, बाजरीचे उंडे अपूर्वा देणार हाय. तू आंबील पाठव. ताक आदल्या दिवशीचं आंबट घे, ज्वारीचं पीठ गुठळ्या न होता कालव, लसूण जास्त टाक, तुझी आई टाकायची तसा. येत नसंल तर शिकून घे. पोस्टानं पाठवू नकोस, सांडंल. मातीच्या मडक्यात भर, तोंडाला फडकं बांध, आन् कुणाच्या तरी हाती पाठव. पाठवणारा आन् आणणारा एकच असला तरी आम्ही काही बोलणार न्हाई.